इंजिन गार असतानाच बघायला जा

या अंकात जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींबद्दलची चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं, कारण त्या खड्ड्यात मी स्वतः पडलेलो आहे. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, मी कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात लेथवर हात बसला आणि पुढं तीस वर्षं बर्मिंगहॅमच्या टूलरूममध्ये गेली. घरी १९५५ ची एक बीएसए आहे. ती चालते. रोज नाही, पण चालते.

काका, मी सांगलीचा, लेस्टरला आयटीत आहे, वय ४३. वडिलांच्या बुलेटवर शिकलो. आता जुनी ब्रिटिश ट्विन, म्हणजे दोन सिलेंडरची मोटरसायकल, घेऊन वेल्स आणि स्कॉटलंड फिरायचं डोक्यात आहे. १९५६ ची बीएसए ए-१० गोल्डन फ्लॅश बघून ठेवली आहे, मालक ५,२०० पौंड मागतोय. जाहिरातीत 'मॅचिंग नंबर, नवा रंग, नवं क्रोम, इंजिनाचं पूर्ण काम केलेलं' असं आहे. बायको म्हणते, सत्तर वर्षांचं माणूस सांभाळायला घरी आणतोयस. घेऊ का?

वहिनींचा हिशेब बरोबर आहे, आणि तोच पुढं नेऊ. सत्तरीतला माणूस भेटला की आपण तब्येत विचारतो, गोळ्या कुठल्या चालू आहेत विचारतो. केसांना कलप कुठला लावता असं कुणी विचारत नाही. तुमच्या जाहिरातीत नवा रंग आणि नवं क्रोम आहे, म्हणजे सगळा कलपच. इंजिनाबद्दल एक वाक्य आहे आणि त्याचा पुरावा अजून कुणी दाखवलेला नाही.

गाडी मात्र चांगली निवडलीत. आपल्याकडं बीएसए म्हटलं की सायकल आठवते, पण मूळची ही बर्मिंगहॅममधली बंदुका बनवणारी कंपनी. १८६१ ची. तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केलेलं तिचं चिन्ह तुम्ही बघितलं असेल. गोल्डन फ्लॅश १९५० च्या हंगामासाठी आली, बर्ट हॉपवूडनं आखलेली, ६४६ सीसी. हल्लीची रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर ६४८ सीसी आहे, म्हणजे इंजिनाचा आकार जवळपास तोच. ही रेसची गाडी नव्हती. कारखान्यातला कामगार तिला साइडकार जोडायचा, बायको-पोरं त्यात बसवायचा आणि सुट्टीत समुद्रावर न्यायचा. तुम्हाला जे करायचंय त्यासाठीच ती बनली होती.

आता फोन करा आणि मालकाला एकच विनंती करा: मी यायच्या आधी गाडी चालू करू नका.

१९८८ साली मी हे सांगितलं नव्हतं. वूस्टरच्या बाजूला एका गॅरेजबाहेर सोनेरी टाकीची गोल्डन फ्लॅश उभी होती, अशी की बघून माझं डोकं चालेनासं झालं. मालकानं अर्ध्या किकमध्ये चालू करून दाखवली. सिलेंडरला हात लागला तेव्हा तो कोमट होता. सकाळी फिरवून आणली असेल, असं मी स्वतःच त्याच्या वतीनं ठरवून टाकलं आणि पैसे मोजले. तिसऱ्या रविवारी अ‍ॅबरिस्टविथला निघालो. वेल्समध्ये ऱ्हायडर गावाच्या अलीकडच्या चढाला खालून आवाज यायला लागला. आधी टक, टक. मग खलबत्त्यात सुंठ कुटावी तसा. एका मेंढपाळाच्या ट्रेलरमधून गाडी परत आली. तिच्या शेजारी दोन मेंढ्या होत्या आणि त्या सगळा रस्ता माझ्याकडं बघत होत्या.

घरी इंजिनातला क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा, बाहेर काढला. या इंजिनात तेल टायमिंग बाजूच्या एका साध्या बुशातून क्रँकमध्ये शिरतं आणि तिथून दोन्ही बिग एंडना, म्हणजे पिस्टनचे दांडे क्रँकला जोडले जातात त्या बेअरिंगना, जातं. वाटेत क्रँकच्या पोटात एक पोकळी आहे, तिला स्लज ट्रॅप म्हणतात. क्रँक फिरला की तेलातला कचरा बाहेरच्या बाजूला फेकला जातो आणि त्या पोकळीत साठतो. या गाडीला आजच्यासारखा कागदी ऑइल फिल्टर नाही, नुसती जाळी आहे. म्हणजे ही पोकळी हाच तिचा खरा फिल्टर. फरक इतकाच की तो बदलायला आख्खं इंजिन उघडावं लागतं, म्हणून कुणी बदलत नाही. माझ्या गाडीतल्या पोकळीचा प्लग पंच मारून बंद केलेला होता, तो ड्रिलनं काढावा लागला. आत काळा गाळ होता, पातळ नव्हे, हिंगाच्या खड्यासारखा घट्ट. सायकलच्या जुन्या स्पोकला टोक काढून तो खरवडला. बायकोच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला, ४० ग्रॅम भरला. त्या गाळानं बिग एंडकडं जाणारी वाट बुजवली होती. वरून बुशही झिजलेला, म्हणजे जे काही तेल येत होतं त्यातलं अर्धं वाटेतच सांडत होतं. सोनेरी टाकीवर मात्र एक ओरखडा नव्हता.

(काटा बायकोनं परत घेतला नाही. तो आता गॅरेजमध्येच असतो.)

म्हणून 'इंजिनाचं पूर्ण काम' म्हणजे काय, ते तोंडी ऐकू नका, बिलं मागा. बिलात तीन गोष्टी शोधा: टायमिंग बुश, स्लज ट्रॅप, क्रँक ग्राइंडिंग. काही लोक बुशाच्या जागी रोलर बेअरिंग बसवून तेल क्रँकच्या टोकातून आत सोडण्याची सोय करून घेतात. तसं केलेलं असेल तर उत्तमच, त्यासाठी थोडे पैसे जास्त गेले तरी हरकत नाही. नुसत्या रिंगा आणि गॅस्केटचं बिल असेल तर इंजिनाचं काम अजून व्हायचंय असं धरून चाला आणि किंमत तशी पाडा.

बघायला जाल त्या दिवशी पहिल्यांदा सिलेंडरच्या पात्यांना हाताची मागची बाजू लावा. गार पाहिजे. मग ऑइल टाकीचं झाकण काढून पातळी बघा. चालू करताना लुडबुड न करता मालकाला किक मारू द्या, तुम्ही नुसते मोजा. कार्ब्युरेटरचा टिकलर (जास्तीचं पेट्रोल सोडायची छोटी कळ) दाबून गार गाडी तीन-चार किकमध्ये लागली की ठीक. मिनिटभर निळसर धूर आला तर घाबरू नका, थांबलाच नाही तर मात्र विचार करा. चालू झाल्यावर पुन्हा ऑइल टाकीत डोकवा. आत एका नळीतून तेल पिचकारीसारखं परत येताना दिसलं पाहिजे, थोडं तुटक, हवेच्या बुडबुड्यांसकट. ते दिसलं म्हणजे पंप इंजिनातलं तेल उपसून टाकीत आणतोय.

मग दहा मैल चालवा. परत येऊन बंद करा, मालक चहा देईल तो प्या आणि वीस मिनिटांनी गरम इंजिनावर किक मारा. ही परीक्षा बहुतेक लोक विसरतात. या गाडीला लुकासचा मॅग्नेटो आहे, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून स्वतःच ठिणगी तयार करणारं यंत्र, त्याला बॅटरी लागत नाही. आतली जुनी वायंडिंग किंवा कंडेन्सर गेला असेल तर गारपणी गाडी शहाण्यासारखी लागते आणि गरम झाली की मेली. वायंडिंग नव्यानं करून मिळते, पण काही शे पौंडांचा चुना लागतो. मॅग्नेटोमुळं आणखी एक गोष्ट आहे: या गाडीला चावीच नाही. ज्याला किक येते तो घेऊन जाऊ शकतो. साखळी जाड घ्या.

'मॅचिंग नंबर' वाचून मला हसू आलं. त्या काळातल्या ट्रायम्फला इंजिन आणि चासीचा नंबर एक असायचा. बीएसएच्या ए-१० ला कारखान्यातून निघतानाच दोन वेगळे नंबर असत. तेव्हा दोन्ही नंबर एकसारखे दिसले तर कुणीतरी हातोडी आणि ठसे घेऊन बसलं होतं एवढाच त्याचा अर्थ. हे दोन नंबर एका गाडीवर एकत्र बाहेर पडले का, ते कारखान्याच्या जुन्या नोंदींवरून ताडता येतं. त्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबकडं आहेत. चार पैसे लागतील. पैसे देण्याआधी व्ही-५-सी वरचे (इथल्या नोंदणीच्या कागदावरचे) नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः, चष्मा लावून, ताडून बघा. रंगाचा थर जाड असेल तर नखानं खरवडायची परवानगी मागा. मालक नको म्हणाला तर घरी या.

एक छोटी गोष्ट. गाडी एकेकाळी साइडकारला जोडलेली असेल तर इंजिनाचं स्प्रॉकेट (चेन ओढणारं दातेरी चाक) लहान असण्याची शक्यता आहे. मग ताशी ५० मैलांतच ती ओरडायला लागेल आणि तुम्हाला वाटेल इंजिन खराब आहे. स्प्रॉकेट बदललं की शांत.

चालवण्याबद्दल काय सांगू? तुम्ही वडिलांच्या बुलेटवर शिकलात, म्हणजे उजव्या पायात गिअर आणि डाव्यात ब्रेक ही सवय अंगात कुठंतरी शिल्लक असेल. ती इथल्या पोरांकडं नसते. पहिल्याच राउंडअबाउटला ते ब्रेक समजून गिअर दाबतात. दोन्ही पिस्टन एकत्र वर जातात आणि एकत्र खाली येतात, त्यामुळं स्फोट समान अंतरानं होतात आणि आवाज गोड येतो, पण कंप बुलेटपेक्षा बारीक आणि चिवट. ६० च्या वर हँडलला मुंग्या येतात. ५५ ला तीच गाडी दिवसभर हरिपाठ म्हटल्यासारखी एका लयीत चालते. मोटरवे सोडा, ए-रोड धरा. दिवसाला दीडशे मैल ठेवा. इंडिकेटर नाहीत, हात दाखवावा लागतो. सहा व्होल्टचा दिवा आहे, त्यामुळं अंधाराच्या आत मुक्कामाला पोचा. ड्रम ब्रेक आहेत, पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर राखा.

सरकारी बाजू सोपी आहे. चाळीस वर्षांवरच्या गाडीला रस्ता कर शून्य आहे, पण त्या शून्य पौंडांच्या कराची नोंद दरवर्षी करावीच लागते. मोठे बदल केलेले नसतील तर एमओटी, म्हणजे गाडीची वार्षिक तपासणीही लागत नाही, २०१८ पासून हा नियम आहे. मी तरीही दर मार्चला एमओटी करून घेतो. परक्या माणसाला टॉर्च घेऊन आपल्या गाडीखाली वाकायला लावण्यासाठी तेवढे पैसे फार नाहीत. विमा घेताना 'ठरलेली किंमत' लेखी घ्या, नाहीतर चोरी झाल्यावर कंपनी भंगाराचा भाव सांगेल.

हत्यारं नवी घ्यावी लागतील, तुमचा मिलिमीटरचा पान्यांचा सेट इथं निरुपयोगी. या गाडीवर व्हिटवर्थच्या, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचे पाने लागतात आणि पान्यावर जो आकडा असतो तो नटाच्या तोंडाचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. दोन सुती, म्हणजे पाव इंची, व्हिटवर्थ पान्याचं तोंड तेरा मिलिमीटरपेक्षा जरासं मोठं. तेराचा पाना बसत नाही आणि चौदाचा नटाचे कोपरे खातो. त्यातून तोच दोन सुती पाना अडीच सुती बीएसएफ (बारीक आट्याच्या) नटालाही बसतो. उद्यमनगरातल्या जुन्या मिस्त्रींना हे पाठ होतं. तुम्ही एक जुना सेट घ्या आणि तो गाडीबरोबरच ठेवा.

घ्यायची का? बिलं असतील, नंबर कागदांशी जुळत असतील आणि गरम इंजिन दुसऱ्या किकमध्ये लागलं तर ५,२०० रास्त आहेत. बिलं नसतील तर ३,५०० पासून बोलणी सुरू करा आणि उरलेले पैसे क्रँकसाठी बाजूला ठेवा. वहिनींना मागं बसवून एक चक्कर मारायच्या आधी मागची सीट मऊ करून घ्या. मी हे उशिरा केलं.

काका, माझी १९७१ ची नॉर्टन कमांडो ७५० महिनाभर उभी राहिली की ऑइल टाकी रिकामी होते. चालू केली की धूर आणि खाली तेलाचं थारोळं. मेकॅनिक म्हणतो, तेलाच्या नळीत तोटी बसवू. दुसरं, पेट्रोल कुठलं टाकू? — स्लाऊ

तेल कुठं गेलेलं नाही. पंपाच्या गिअरमधल्या फटीतून हळूहळू इंजिनाच्या तळाशी उतरलं आहे. नॉर्टनचा हा जुना स्वभाव. अशा वेळी चालू केलं की क्रँक त्या तेलात थपथप करतो, आतला दाब वाढतो आणि मिळेल त्या सीलमधून तेल बाहेर येतं. खालचा प्लग काढून तेल गाळून घ्या, टाकीत परत भरा, मग किक मारा. कायमचा इलाज म्हणजे पंप उघडून त्याच्या बाजू काचेवर घासून सपाट करणं. चांगल्या टूलरूमवाल्याचं तासाभराचं काम आहे.

तोटी बसवू नका. ती बंद करायची आठवण रोज राहते आणि उघडायची एक दिवस राहत नाही. तोटी बंद ठेवून एक मैल गेलेलं इंजिन मी उघडून बघितलं आहे. पिस्टन सिलेंडरला असा चिकटला होता की लाकडी ठोकळा ठेवून मारावा लागला.

पेट्रोल ई-५, म्हणजे पंपावरचं महागडं सुपर. २०२१ पासून साधं पेट्रोल ई-१० झालं आहे, त्यातल्या इथेनॉलनं जुन्या रबरी नळ्या फुगतात आणि टाकीच्या आत कुणी सीलर लावला असेल तर त्याचे पापुद्रे सुटून कार्ब्युरेटरमध्ये येतात. तुमच्या गाडीची टाकी फायबरग्लासची असेल तर ई-१० चा एक थेंबही नको. हिवाळ्यात कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा.

इंग्लंडहून एखादी ब्रिटिश ट्विन पुण्याला आणावी का? भारतात नोंदणी होते का? — कोथरूड, पुणे

नोंदणीचा रस्ता आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे आणि ती दहा वर्षं चालते. पण ती गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. खरी अडचण बंदरात आहे: आयातीचे नियम आणि जकात. आधी कस्टम्सच्या जाणकाराकडून आकडा लिहून घ्या, मग गाडी शोधा. गाडी आधी घेऊन मग आकडा विचारणारे मला दरवर्षी दोन तरी फोन करतात.

नुसता आवाज आणि दोन सिलेंडर हवे असतील तर चेन्नईची रॉयल एनफिल्ड ६५० घ्या. तिच्या कामाचा मोठा भाग लेस्टरशायरमधल्या ब्रंटिंगथॉर्पच्या तंत्रकेंद्रात झाला आहे. म्हणजे अर्धी ब्रिटिश आहेच, आणि पाने मिलिमीटरचे लागतात.

काका, मी ठाण्याची, लग्नानंतर मँचेस्टरला. माझे इंग्लिश सासरे गेल्या वर्षी गेले. त्यांच्या शेडमध्ये १९५२ ची ट्रायम्फ थंडरबर्ड आहे, १९७९ पासून हललेली नाही. नवऱ्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाला ती चालू करून दाखवायची आहे. माझी उंची पाच फूट एक इंच. किक मला जमेल का?

ताई, किक जमेल. ६४९ सीसी म्हटलं की लोक दचकतात, पण ते दोन लहान सिलेंडर आहेत. ५०० च्या एका सिलेंडरपेक्षा ही किक हलकी लागते. उजवा पाय, पूर्ण वजन, आणि झटका न देता. पण ती किक या वर्षी मारायची नाही.

पंचेचाळीसहून जास्त वर्षं उभ्या गाडीत पिस्टनच्या रिंगा सिलेंडरला धरून बसलेल्या असतात. जोर केलात तर रिंग तुटते आणि जे काम फुकटात होणार होतं त्याला हजार पौंड लागतात. दोन्ही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन चमचे पातळ तेल सोडा आणि आठवडाभर विसरून जा. नंतर गाडी वरच्या गिअरला टाकून मागचं चाक हातानं, अगदी हळू, पुढं-मागं करा. हललं तर देव पावला. पेट्रोल टाकीत जे काही असेल ते काढून टाका, त्याला वार्निशचा वास येईल. ट्रायम्फच्या क्रँकमध्येही स्लज ट्रॅप असतो. वर लेस्टरच्या वाचकाला जे लिहिलंय ते तुम्हालाही लागू, म्हणजे चालू करायच्या आधी इंजिन उघडायचंच.

मागच्या चाकाचा हब नीट बघा. डब्यासारखा मोठा, फुगीर असेल तर तो ट्रायम्फचा स्प्रंग हब आहे, त्याच्या आतच सस्पेन्शनच्या स्प्रिंगा दाबून बसवलेल्या असतात. तो हौशी माणसानं उघडायचा नाही. स्प्रिंग सुटली तर हात जायबंदी होतो. कुणी नातेवाईक पाना घेऊन पुढं आला तर त्याला चहाला बसवा. कार्ब्युरेटर एसयू कंपनीचा दिसला तर 'बदललेला आहे' असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. १९५२ साली थंडरबर्डला कारखान्यातूनच एसयू आला, मॉरिस मायनर मोटारीला असायचा त्याच घराण्यातला.

आता तुमचं खरं काम. शेड सोडा आणि सासऱ्यांची कागदपत्रं उपसा. जुनं दुमडलेलं लॉगबुक, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं पुस्तक, कुठंतरी असेल, त्यात मालकांची नावं आणि शिक्के असतात. १९८३ पर्यंत ज्या गाड्या सरकारी संगणकावर आल्या नाहीत त्यांचा मूळ नंबर आपोआप मिळत नाही. व्ही-७६५ हा फॉर्म, जुनं लॉगबुक आणि मान्यताप्राप्त क्लबची तपासणी, एवढं जमलं तर सासऱ्यांच्या गाडीवर सासऱ्यांचाच नंबर परत येतो. लॉगबुक नसेल तर जुनी कर पावती, एमओटीचा कागद, काहीही जपून ठेवा. नंबर प्लेटसकट, धूळ न पुसता, गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा. इंजिनाचा नंबर डाव्या बाजूला सिलेंडरच्या खाली आहे, चासीचा हँडलच्या खाली. ही ट्रायम्फ आहे, तेव्हा दोन्ही एकच निघायला हवेत.

ही गाडी बाजारात आली तेव्हा कंपनीनं तीन थंडरबर्ड फ्रान्समधल्या मोंलेरी ट्रॅकवर नेल्या होत्या. १९४९ चा सप्टेंबर. प्रत्येकीनं ५०० मैल ताशी ९० हून जास्त सरासरीनं मारले, आणि मग त्याच गाड्या चालवत माणसं घरी आली. वाढदिवसाला नवऱ्याला लॉगबुक द्या, वर हा किस्सा सांगा आणि चहाचे दोन चमचे हातात ठेवा. स्पार्क प्लगच्या भोकात तेल त्यालाच सोडू दे. लॉगबुक सापडलं तर पहिल्या पानाचा फोटो मला पाठवा, शिक्का कुठल्या काउंटीचा आहे ते बघायचंय.